टिकलीएवढी धूळ

जोतिराम दुकानाचं शटर वर करत होता तेवढ्यात अंबादासचा फोन आला. अंबादास यंत्रमागवाला. चार दिवसांपूर्वी त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला होता आणि फोटो जोतिरामने काढले होते. काल पाठवलेले फोटो घरच्यांना आवडले होते, पण एकावरून कुजबुज सुरू झाली होती. अंगणात सगळ्या नातेवाइकांना तीन रांगांत उभं करून काढलेला तो फोटो. मागच्या रांगेत अंबादासची आई, सुंदरम्मा. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि फोटोत तिच्या कपाळाला टिकली होती.

आईने लावलेली नव्हती, एवढं अंबादास शपथेवर सांगत होता. व्याह्यांकडे अल्बम जायचा होता, त्याआधी काय ते बघा म्हणाला.

जोतिरामला आधी स्वतःचीच शंका आली. एखाद्या घरची सवाशीण गेली की लोक तिचा जुना फोटो घेऊन त्याच्याकडे येत आणि कुंकू ठळक करून मागत. अशी कितीतरी कुंकवं त्याने संगणकावर लावली होती. चुकून इथेही हात गेला की काय? त्याने फोटो मोठा केला. ती टिकली नव्हतीच. करड्या रंगाचा, कडा विरलेला एक डाग होता. पुढचा फोटो उघडला, तर नेमक्या त्याच जागी आभाळात डाग. त्यापुढच्यात भिंतीवर.

मग त्याला सगळं उमगलं. मांडवात गर्दी होती म्हणून त्याने मागांच्या खोलीत उभं राहून कॅमेऱ्याची लेन्स बदलली होती. तिथे हवेत कापसाची तूस तरंगत असते. तिचा एखादा कण आत शिरून चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर बसला असणार. एरवी तो दिसलाही नसता. पण तिन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून त्याने भर उन्हात अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं होतं, आणि अशा वेळी धूळ उमटते.

त्याने पंखा बंद केला, बॅटरी पूर्ण भरून घेतली, लेन्स काढली. सफाईचं बटण दाबताच आतला आरसा वर गेला आणि सेन्सर उघडा पडला. कॅमेरा तोंड खाली करून त्याने रबरी फुग्याने हवा मारली. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला. डाग जागच्या जागी. शेवटी त्याने सेन्सर पुसायची चपटी काडी काढली, टोकाच्या कापडावर द्रावाचे दोन थेंब टाकले आणि श्वास रोखून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच ओढली. भिंत स्वच्छ आली. मग एकेका फोटोतला डाग पुसून त्याने अंबादासला झाला प्रकार सांगितला. अंबादास हसला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरम्मा एकटीच दुकानात आली. उन्हातून चालत आलेली. जोतिरामने पाणी दिलं आणि ती बसायच्या आतच माफी मागायला सुरुवात केली. तिने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "काढली का तुम्ही ती?"

"व्हय अम्मा, सगळ्या फोटोतनं काढली. नुसती धूळ हुती."

"ठाऊक आहे. अंबादासनं सांगितलं." ती जरा थांबली. "मला एक फोटो तसाच पाहिजे. लहान. पेटीत ठेवीन."

जोतिरामने खुर्ची संगणकाकडे वळवली.

"कुणी लावली असती तर पुसावी लागली असती," ती म्हणाली. "ही कुणी लावली नाही."

मूळ फोटो अजून होता. त्याने तो उघडून तिचा चेहरा पडद्यावर मोठा केला. सुंदरम्मा पुढे वाकून बघत राहिली. एवढा मोठा केल्यावर तो डागच दिसत होता, डाव्या भुवईच्या वर, ओबडधोबड. तिचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यातून पुसून काढलेली ती धूळ थोडी नीट पडली असती तर काय बिघडलं असतं, असं जोतिरामला वाटून गेलं.

"जरा खाली घेता येतं?" तिने हळूच विचारलं. "मी खाली लावायची. दोन भुवयांच्या मध्ये."

त्याने माउस हातात घेतला. गेलेल्या बायकांच्या कपाळावर सराईतपणे चालणारा त्याचा हात आज अडखळत होता. जिवंत बाई शेजारी बसून सांगत होती: अजून थोडं खाली, एवढं मोठं नको, भडक लाल नको, मेण लावून त्यावर कुंकू लावलं की गडद दिसायचं, तसं. अर्धा तास गेला. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला जोतिरामने संध्याकाळी बोलावलं.

छापून आलेला फोटो तिने हातात धरला, पदराने एकदा पुसला आणि पिशवीत ठेवला.

आठवड्याने अंबादास अल्बम न्यायला आला. पानं उलटत शेवटपर्यंत गेला, सगळं मनासारखं होतं. निघता निघता दारात थबकला.

"आईनं मुलीला एक फोटो दाखवला," तो म्हणाला. "मुलीनं विचारलं, आजी, माझ्या साखरपुड्याला तू टिकली लावली होतीस? आई हो म्हणाली."

"मग तुमी?"

"मी तिथंच होतो," अंबादास म्हणाला. "काही बोललो नाही."

अल्बम छातीशी धरून तो पायरी उतरला.