चुकून लागलेला फोन

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता बारीक झाला आहे, मागे बसणाऱ्याला ऐकू जायचा नाही. कथा छोटी आहे, पण खरी आहे, आणि ती ऐकून उठताना तुमच्या हाती काहीतरी चांगले लागेल, असा माझा शब्द आहे.

मी एक जुना टेबलफोन आहे. राखाडी अंगाचा, बारा बटणांचा. चष्म्याच्या काचा तयार करून दुकानांना पाठवणाऱ्या एका कचेरीत, दारासमोरच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. त्या टेबलाशी ताई बसायच्या. आल्यागेल्याला वाट दाखवणे आणि बाहेरून आलेला फोन ज्याचा त्याला जोडून देणे हे त्यांचे काम. रोज सकाळी काचा पुसायच्या मऊ फडक्याने त्या मला पुसत. तोंडाजवळची बारीक भोके टोकदार काडीने साफ करत. देवाची उपकरणी घासावीत, तशा निगुतीने. माझ्यासारख्या यंत्राला यापेक्षा जास्त काय हवे?

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. आमच्या कचेरीत बाहेर फोन लावायचा तर आधी एकचे बटण दाबावे लागे. मग बाहेरची लाइन मिळे आणि पुढे हवा तो नंबर. हे सारे जोडून देणारी एक पेटी जिन्याखाली भिंतीवर होती. ती कानाने जरा मंद होती बिचारी. एकदा दाबलेला एक तिला पुष्कळदा ऐकूच जात नसे. म्हणून कचेरीतल्या सगळ्यांना सवय लागली, एक दोनदा दाबायचा. टक टक. नवा माणूस कामाला लागला की जुना त्याला पहिल्याच दिवशी शिकवी, "एक दोनदा दाब रे, नाहीतर बसशील वाट बघत."

पुढे ती पेटी थकली आणि तिच्या जागी नवी आली. नवीचे कान तिखट. ती पहिला एकही ऐके आणि दुसराही. आणि मित्रांनो, गावातल्या सगळ्या चष्म्याच्या दुकानांचे नंबर दोनपासून सुरू होत. म्हणजे बघा, एक, पुन्हा एक, आणि मग दोन. एक-एक-दोन हा तर तातडीच्या मदतीचा नंबर. तो ऐकला की क्षणाचीही वाट न बघता थेट जोडून द्यायचा, अशी नव्या पेटीला शिकवण होती, आणि ती योग्यच होती.

दुकानदाराला फोन लावावा आणि पलीकडून एका बाईंचा गंभीर आवाज यावा, "तातडीची मदत. काय झालंय?" की इकडच्याची बोबडी वळे. तो झटकन फोन ठेवून देई, इकडेतिकडे बघे आणि काही झालेच नाही अशा चेहऱ्याने कामाला लागे. आपलेच बोट घसरले, असे ज्याला त्याला वाटे, आणि पुढे काही दिवस तो एक जपून एकदाच दाबे. लाजेपोटी कोणी कोणाला सांगत नसे.

पण पलीकडे काय होई? फोन लागला आणि कोणी न बोलताच तुटला, म्हणजे तिकडे माणूस बोलण्याच्या अवस्थेत नाही, असे त्यांनी धरायचे असते. मग त्या बाई उलट फोन करत. तो माझ्याकडे येई. ताई सगळ्यांना विचारत आणि सगळे मान हलवत, "मी नाही बुवा." मग खात्री करायला मदतीची गाडी येई. एकाच महिन्यात ती चार वेळा दारात येऊन रिकामी परतली.

मला सगळे ठाऊक होते. पण दुसऱ्यांचे बोलणे जन्मभर वाहून नेणाऱ्या मला स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही, हे माझे दुःख.

पाचव्या वेळी साहेब खाली आले. गाडीवाल्यांनी त्यांना सांगितले होते की आज आम्ही तुमच्याकडे आलो, तेवढ्यात दुसरीकडे एक आजी पायऱ्यांवरून पडून आमची वाट बघत होती. आजी वाचली, पण उशीर झाला. साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्यांना माझ्या टेबलाभोवती बोलावले आणि सांगितले की उद्यापासून एकाही फोनवरून हा नंबर लागता कामा नये, पेटीत कुलूपच घालतो.

सगळ्यांची नजर अण्णांकडे गेली. अण्णा म्हणजे गोदामात काचा खोक्यांत भरणारे गृहस्थ. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झाले नव्हते. गोदाम तळघरात, तिथे खिशातला फोन लागत नसे. भिंतीवरचा माझा भाऊबंद, तेवढाच त्यांचा आधार.

अण्णा मात्र हसून म्हणाले, "घाला हो कुलूप. निदान गाडीचा भोंगा ऐकून दचकायचं तरी थांबेल. माझं अर्धं हृदय त्यानंच खाल्लं."

कोणाला हसू आले नाही. तेव्हा ताई उभ्या राहिल्या. फडके त्यांच्या हातातच होते.

"साहेब, पहिला फोन माझा होता," त्या म्हणाल्या. "घाबरून ठेवला. नंतर मीच सगळ्यांना विचारत फिरले, स्वतःचं नाव मात्र घेतलं नाही."

मित्रांनो, एका माणसाने खरे बोलायला तोंड उघडले की दुसऱ्याला किती सोपे जाते बघा. माल रवाना करणाऱ्या धांदलकाकांनी घसा खाकरला आणि दोन फोन आपले असल्याचे कबूल केले. काचा तपासणाऱ्या मुलीने एक सांगितला. पाचापैकी चार जुळले, पाचवा तेवढा उरला.

"एक माझा असेल," साहेब हळूच म्हणाले.

आता मात्र हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने अण्णा हसले.

मग ताईंनी प्रत्येकाला विचारले की फोन लावता कसा, करून दाखवा. ज्याने त्याने हवेतच बोट दाबून दाखवले. टक टक. काचा तपासणारी मुलगी म्हणाली, मला काकांनी शिकवलं. काका म्हणाले, मला ताईंनी. ताईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी पेटी जोडणाऱ्या कारागिराला बोलावून घेतले, आणि बाहेरच्या लाइनीसाठी एकच्या जागी शून्य ठेवायला सांगितले. आता शून्य चारदा दाबले तरी कोणाचा जीव टांगणीला लागणार नव्हता. दाबायचे बटण बदलले, असे ताईंनी टेबलाटेबलापाशी जाऊन समजावले. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "चुकून लागलाच, तर ठेवू नका. बोला."

साहेबांनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात गाडी पुन्हा दारात आली, तर कुलूप.

दहा दिवस सुखाचे गेले. अकराव्या दिवशी दुपारी ताई जेवायला गेल्या होत्या. धांदलकाकांचा स्वतःचा फोन खोक्यांखाली गाडला गेला होता, म्हणून ते लगबगीने माझ्याकडे आले. डोक्यात पुढची दहा कामे. वीस वर्षांची सवय, बोटाला शून्याची आठवण कुठली राहायला? टक टक, आणि पुढे दोन.

"तातडीची मदत. काय झालंय?"

काकांनी मला कानापासून दूर धरले. आसपास कोणी नव्हते. ठेवला असता तर कोणाला कळलेही नसते की कोणाचा फोन होता. मला धरलेला हात खाली येता येता थांबला. मी जन्मात कधी देवाला काही मागितले नव्हते, त्या वेळी मागितले.

काकांनी मला पुन्हा कानाला लावले.

"बाई, चुकून लागला," ते म्हणाले. "माझीच चूक. इथे सगळे ठीक आहेत."

त्याच बाई म्हणाल्या, "नक्की ठीक आहात ना? कोणाच्या भीतीनं तर बोलत नाही आहात?"

"नाही हो. मी एकटाच आहे. लाज तेवढी वाटतेय."

"लाजू नका, काका," त्यांचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "तुम्ही बोललात, फार बरं केलंत. न बोलता फोन तुटला ना, की तुमचा पत्ता लागेपर्यंत मी देव पाण्यात घालून बसते. दुसरा फोन घेतला तरी मन पहिल्यातच असतं."

काकांनी माफी मागितली, दोनदा मागितली, आणि मला अलगद ठेवले. मग कोणी विचारण्याआधीच जिना चढून ते साहेबांकडे गेले. तिथे काय झाले ते अण्णांनी ताईंना सांगितले, तेव्हा मला कळले. साहेबांनी एवढेच विचारले म्हणे, गाडी आली का? काका म्हणाले, नाही. मग हे मला येऊन सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्यावर साहेब म्हणाले, "मग कुलूप कशाला हवं? जा, काचा रवाना करा."

कुलूप कधीच लागले नाही. आणि देवाच्या दयेने अण्णांना त्या नंबराची गरजही पडली नाही. ते निवृत्त झाले, पुढे ताईही झाल्या. आता माझी दोन बटणे रुतली आहेत आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. तक्रार नाही. सेवा झाली.

तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत फोन कसा लागतो, ते आधी नीट विचारून घ्या, आणि जुनी सवय नव्या यंत्राला चालते का तेही बघा. चुकून मदतीचा नंबर लागलाच, तर पळून जाऊ नका. दोन शब्द बोला.

संकटात सापडलेल्याचा धावा देव ऐकतो, असे आपण म्हणतो. मी आयुष्यभर तारेच्या एका टोकाला राहिलो, म्हणून सांगतो, तो धावा ऐकायला त्याने माणसे बसवली आहेत. त्या बाईंना मी कधी पाहिले नाही, त्यांचे वय मला ठाऊक नाही. हात जोडून आपल्या माणसांसाठी काही मागाल, तेव्हा मित्रांनो, न बोलता तुटलेल्या फोनमागे ज्यांचा जीव अडकून राहतो, त्या बाईंचीही आठवण ठेवा.