उंबऱ्यातला रुपया

त्रिंबकरावांनी आधी अडकित्ता उचलला. उघडून मिटून पाहिला, पात्यावर अंगठा फिरवला आणि नाक मुरडून पोत्यावर परत ठेवला. मग पितळी तांब्याची पाळी आली. त्याचं बूड वाजवून झालं. सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात जुनं सामान मांडून बसलेला तानाजी हे सगळं मुकाट्याने बघत होता. गिऱ्हाईक मुरलेलं आहे, एवढं त्याला कळलं होतं. पण डोळा नेमका कशावर आहे, याचा पत्ता लागत नव्हता.

डोळा होता मागे बाभळीला टेकवून ठेवलेल्या उंबऱ्यावर. कुणीतरी मातीचं घर पाडून स्लॅब टाकला होता आणि त्या घराची दारं, कड्या, चौकटी बाजारात आल्या होत्या. त्यातल्या सागवानी उंबऱ्याच्या मधोमध एक वाटोळी चकती बसवलेली होती. हळदीकुंकवाचे इतके थर तिच्यावर चढले होते, की दुसऱ्या कुणाला ती लाकडाची गाठ वाटली असती. त्रिंबकरावांना मात्र लांबूनच कळलं. घरात लक्ष्मी यावी म्हणून जुनी माणसं उंबरा कोरून त्यात चांदीचा रुपया बसवायची.

त्यांनी खिशातून चष्मा काढला नाही. चष्मा काढला की भाव चढतो. चपलेचा अंगठा सारखा करायच्या निमित्ताने ते वाकले आणि चकतीची कड नखाने खरवडली. चांदीच. वरची बाजू बायकांच्या रोजच्या पुसण्याने पार झिजली होती, पण कडेला एका उर्दू अक्षराची शेपटी शिल्लक होती. म्हणजे निजामाच्या टांकसाळीतला हाली रुपया. म्हणजे चारमिनार आणि साल दोन्ही खालच्या अंगाला, लाकडात तोंड खुपसून बसलेले, घर बांधलं तेव्हापासून वारासुद्धा न लागलेले. 

गावातलं पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधायचं दुकान मुलाच्या, युवराजच्या हाती दिल्यापासून त्यांना हा एकच नाद होता. शेवटच्या निजामाचे चारमिनारचे रुपये त्यांनी साल-साल करून जमवले होते. राहिला होता तो निजाम गादीवर आला त्या पहिल्या सालचा. त्या एका रुपयासाठी त्यांनी अंबाजोगाईचे सराफ पालथे घातले होते, कपिलधारच्या यात्रेत देवाआधी भंगारवाल्यांचं दर्शन घेतलं होतं. पहिलं साल काही घावलं नव्हतं.

"ह्यो उंबरा कसा दिला?" त्यांनी जांभई देत विचारलं.

"काका, तुमी तर अडकित्ता बघत होता की."

"अडकित्ता काय करू? दात कुठं राहिलेत? घराचं काम चालू हाय, पोराचं लगीन हाय. दाराला उंबरा लागतोय."

घराचं काम चालू होतं हे खरं होतं, लग्न होतं तेही खरं होतं. फक्त दाराला ग्रॅनाइटची फरशी कधीच ठरली होती.

"असला साग आता घावत न्हाई. आन बघा, रुपाया बी हाय त्यात."

त्रिंबकरावांनी पुन्हा एक जांभई दिली. "असंना का. पार घासलाय. उलट तेवढं लाकूड कोरलं, म्हणजे तितंच कमजोर झालं की."

हा मुद्दा तानाजीला पटला आणि त्याने भाव उतरवला. त्रिंबकरावांनी घासाघीस करायची म्हणून आणखी थोडी केली. उगाच संशय नको.

खरी पंचाईत घरी होती. लग्न पार पडेपर्यंत नाण्याचं नाव काढणार नाही, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. टमटम दारात थांबली तेव्हा विमलबाई नव्या भिंतींना पाणी मारत होत्या.

"हे काय आणलं, अहो?"

"उंबरा," त्रिंबकराव म्हणाले. बाजारातलं खोटं जिभेवर तयारच होतं. "दाराला. तूच म्हणली होतीस, ग्रॅनाइटवर पाय सटकतो म्हणून."

तसं त्या एकदा म्हणाल्या होत्या. ते आपल्याला इतक्या वेळेवर कसं आठवलं, याचं त्रिंबकरावांना स्वतःलाच नवल वाटलं. विमलबाईंनी नळी खाली ठेवली आणि लाकडावरून हळूच हात फिरवला. रुपयाशी तो हात जरा थांबला.

"लई चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "उद्या धर्मराज चौकट बसवायला येणारच हाय. हेच लावू."

उद्या! एकदा चौकट सिमेंटात बसली, की रुपया जन्मभर आत.

दुपारी गल्ली पेंगत असताना ते पातळ पेचकस घेऊन उंबऱ्याजवळ बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. विमलबाईंनी तोवर उंबरा धुऊन त्याला गोडं तेल लावलं होतं आणि रुपया चिंचेने घासून लख्ख केला होता. चिंचेने! घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते; एखाद्या जाणकाराने पाहिलं असतं तर डोळे पुसले असते. खालची बाजू शाबूत आहे, एवढंच समाधान मानून त्यांनी पेचकसाचं टोक फटीत घातलं. एक हिसका दिला की झालं.

आतून विमलबाईंचा आवाज आला. त्या फोनवर बहिणीशी, दीपमालाशी बोलत होत्या.

"न्हाई गं, म्या कशाला सांगू? मनानंच आणला. एवढ्या वर्षांत बाजारातून घरासाठी आणलेली ही पैलीच वस्तू. सुनेचा पाय पडायचा म्हणून आणला असंल. मला लई बरं वाटलं बघ."

पेचकस फटीतच राहिला. त्रिंबकरावांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोचा आनंद ऐकून हसूही आलं. दोन्ही एकदमच आल्यामुळे काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी पेचकस काढून खिशात टाकला आणि उठले.

सकाळी धर्मराज सुतार आला. त्याने उंबरा आडवा टाकला, रंधा मारायला घेतला आणि मध्येच थांबला.

"तात्या, ह्यो रुपाया रंध्याला आडवा येतोय. काढू का? तितं लाकडाचा तुकडा बसवून देतो, कळणार बी न्हाई. वैनी म्हनल्या, तात्याला इचार, ते म्हणतील तसं कर."

पटाशीचं टोक रुपयाच्या कडेला टेकलेलंच होतं. त्रिंबकरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं बोलायला नको, चोरी करायला नको, सुतारच देतोय हातात काढून. चांदीवर बारीक खरडल्याचा आवाज झाला. पलीकडे विमलबाई चौकटीला बांधायची आंब्याची पानं निवडत होत्या. त्यांची पाठ इकडे होती.

"राहू दे," त्रिंबकराव म्हणाले.

"बघा बरं. मागून म्हणताल, काढ."

"रंधा त्याच्या भवतीनं फिरव, म्हणलं ना."

धर्मराजने खांदे उडवले. चौकट उभी राहिली, सिमेंट भरलं, पानं बांधली. त्रिंबकरावांना दिवसभर चुटपुट लागून राहिली. पण संध्याकाळी येणारा-जाणारा "उंबरा झकास हाय" म्हणायला लागला, तशी त्यांची मान आपोआप ताठ झाली. कुणी रुपयावर पाय ठेवला की ते खेकसायचे. घरात शिरायची ही नवी शिस्त पाव्हण्यारावळ्यांना लग्नाच्या दिवसापर्यंत पाठ झाली.

वरात दारात आली तेव्हा माणसांना उभं राहायला जागा नव्हती. विमलबाई ओवाळणीचं ताट घेऊन आत उभ्या, तांदळाने भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवलेलं, आणि नवरी मनिषा पाय उचलता उचलता थबकली. खाली वाकली. तिने रुपयाच्या कडेला नख लावलं.

"अगं बया, पोरगी रुपाया उचलतीय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. युवराज लाजून चूर झाला. मनिषाही लाजली, पण तिने बोट काही काढलं नाही.

"मामा, चांदीचा हाय?" तिने सासऱ्याला विचारलं.

"हाय."

"मग खालच्या बाजूला काय असंल?"

"चारमिनार!" त्रिंबकराव इतक्या झटकन बोलले की पुन्हा हशा पिकला. ही पोरगी आपल्या जातकुळीची निघाली, या आनंदाने त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"आन साल कोणतं?"

 नाण्यासाठी त्रिंबकराव आजवर हव्या तेवढ्या थापा मारत आले होते. नाण्याबद्दल मात्र एकही थाप त्यांनी कधी मारली नव्हती.

"पैलं साल," विमलबाई ताटातली वात सारखी करत म्हणाल्या. "निजाम गादीवर आला त्येचं. तेवढंच राहिलं होतं ह्यांचं."

त्रिंबकराव त्यांच्याकडे बघतच राहिले. नाण्यांच्या डब्याकडे ही बाई कधी ढुंकून बघत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"मला काय बघता? सरका की," विमलबाई म्हणाल्या. "पोरगी कवाची उभी हाय."

त्रिंबकराव सरकले. मनिषाने उजव्या पायाने माप लवंडलं आणि तांदूळ रुपयावरून घरभर पसरले.