एकदाच विचारलं

मी पंप बोलतोय. पाण्याचा नव्हे, सायकलचाही नव्हे. फुटबॉलमध्ये हवा भरणारा, निळ्या मुठीचा हातपंप. मॅच जिंकली की लोक गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात. माझी आठवण चेंडू बसला तरच येते. तक्रार नाही, पण बोलायला मिळालंय तर मनातलं सांगून टाकतो.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. तिथून मी कोल्हापूरच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून शिरीषच्या पिशवीत. शिरीष तेव्हा पेठेच्या संघातून फुलबॅक खेळायचा. त्यानं चेंडू अडवला की अख्खी गल्ली शिट्ट्या मारायची. पुढे तो कॉम्प्युटरवाला झाला आणि एक दिवस बायको-मुलीला घेऊन न्यूझीलंडला निघाला. जाताना त्यानं बॅगेत मला आणि आपले जुने बूट हळूच कोंबले.

ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं ते बूट उलटे केले. बाहेरची माती हे लोक देशात येऊ देत नाहीत. तळव्यात अडकलेली कोल्हापूरची माती त्यानं घासून धुऊन काढली आणि बूट चकचकीत करून परत दिले. शिरीष थँक्यू म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. माझ्या पोटात तिथली घोटभर हवा होती. ती मात्र कुणी तपासली नाही.

ऑकलंडच्याच हिल्सबरो भागात घर झालं. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. जवळच्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमला असिस्टंट कोच हवा होता. पगार नाही, निव्वळ हौस. शिरीष गेला आणि रमला. मुख्य कोच क्रेग, मनानं मोकळा आणि आवाजानं त्याहून मोकळा. तो कडेला उभा राहून ओरडायचा. शिरीष सरावासाठी प्लास्टिकचे कोन मांडायचा, गोलकीपरला तयार करायचा, टीमबाहेर बसवलेल्या पोराशेजारी बाकावर गुपचूप जाऊन बसायचा. आणि थंडीनं बोटं आखडलेली असताना माझी सुई थुंकीनं ओली करून एकेका चेंडूत हवा भरायचा. सुई कोरडी घातली तर चेंडूचं तोंड फाटतं.

असे कितीतरी हिवाळे गेले. जिंकल्यावरच्या फोटोत क्रेग मधोमध असायचा आणि शिरीष बहुतेक वेळा फोटो काढत असायचा.

त्याला एकदा मुख्य कोच व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. हे तो बायकोलाही बोलला नाही. पण गाडीत एकटा असला की सिग्नलला थांबून स्वतःशीच टीम निवडायचा. ‘डावीकडून चढव रे, डावीकडून!’ असं पुटपुटायचा. डिकीत पडल्या पडल्या मी ऐकायचो आणि मला भरून यायचं.

त्याची आई, आशालताबाई, गेल्या वर्षी कोल्हापूरहून राहायला आल्या. थुंकी लावलेली सुई पाहून त्या कडाडल्या, ‘‘अरे, उष्टं काय करतोस? खंडेनवमीला ह्याची पूजा करायचीय मला!’’ आणि त्यांनी खोबरेल तेलाची बाटली माझ्या शेजारी ठेवली. तेव्हापासून आमच्या चेंडूंना खोबरेलाचा वास येतो.

एका रविवारी क्रेग जेवायला आला. दोन पुरणपोळ्या झाल्यावर तो ताटावर हात धरून म्हणाला, ‘‘आय ॲम गुड, थँक्स.’’

‘‘घ्या की, एवढी एक!’’ म्हणत आशालताबाईंनी तिसरी वाढलीच.

‘‘आजी, ही सेड नो!’’ इशिता, शिरीषची मुलगी, हसत म्हणाली.

‘‘तसं म्हणायचंच असतं, बाळा. आपण आग्रह करायचा.’’

क्रेगनं निमूटपणे तिसरी खाल्ली.

सीझन संपला. शेवटच्या दिवशी मैदानावर आम्ही सामान भरत होतो, मी शिरीषच्या हातात होतो. क्रेग सहज म्हणाला की तो आता सोडतोय. पुढच्या वर्षी टीम शिरीष घेईल का?

शिरीषची पकड माझ्या मुठीवर आवळली. इतक्या वर्षांचं सगळं त्या पकडीत होतं. आणि तोंडानं तो म्हणाला, ‘‘छे छे, मी कसला? माझ्याहून चांगला कुणीतरी मिळेल तुम्हाला.’’

मग तो थांबला. वाट बघत राहिला. क्रेगनं पुन्हा म्हणावं, अरे, तूच हवास. मीही श्वास रोखून धरला.

‘‘ऑल गुड, मेट,’’ क्रेग म्हणाला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चेंडूंची जाळी उचलून चालू लागला. त्याला वाटलं, माणसाला नकोय, मग भीड कशाला घालायची. त्याची काय चूक?

घरी येऊन शिरीषनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. इशिता चक्रावली. ‘‘बट डॅड, ही आस्क्ड यू. यू सेड नो!’’

‘‘तसं म्हणायचंच असतं गं,’’ तो म्हणाला. आशालताबाई पदरानं उगाच ओटा पुसत राहिल्या.

‘‘मग आता फोन कर की त्याला,’’ शेवटी त्या म्हणाल्या.

‘‘आपण होऊन कसं मागायचं, आई?’’

खंडेनवमी आली. लॅपटॉपशेजारी पाटावर मी बसलो, हळदकुंकू लागलं, शेवंतीचं फूल वाहिलं. तेवढ्यात क्रेगचा फोन आला. नवा कोच मिळाला होता, तरुण, उत्साही. असिस्टंट म्हणून शिरीष राहील का, एवढंच विचारायचं होतं.

‘‘यस,’’ शिरीष म्हणाला. क्रेगचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला.

नव्या कोचकडे बटणावर चालणारा पंप आहे. त्यामुळे मी आता गॅरेजच्या फळीवर असतो. मुठीवरचं कुंकू अजून गेलेलं नाही. शनिवारी सकाळी शिरीष कोन न्यायला येतो, मला उचलतो, दांडा एकदा ओढून बघतो आणि परत ठेवतो. गाडी निघाली की मला मैदान आठवतं, ओलं गवत आठवतं.

माझं जाऊ द्या. मला कुणी नाही विचारलं तरी चालेल. पण तुमच्यापैकी कुणी कधी हिल्सबरोच्या त्या मैदानावर गेलंच, तर कडेला कोन गोळा करणारा माणूस दिसेल. त्याला विचारा, टीम घेतोस का? तो नाही म्हणेल.

तेव्हा निघून जाऊ नका. आणखी एकदा विचारा.