गोडाचा नेम

अंजनानं बेदाणा तळहातावर घेतला आणि समोरच्या पोरीकडं पाहिलं. पोरीचं नाव आदिती. वय अंजनाच्या मुलापेक्षा, जिनेशपेक्षा, थोडं जास्त असेल-नसेल, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या क्लिनिकच्या पाटीवर नावापुढं पदव्यांची रांग. तिनं सात-आठ बायकांना गोल बसवून प्रत्येकीच्या हातावर एकेक बेदाणा ठेवला होता. तो आधी नीट निरखायचा होता. मग हुंगायचा. मग जिभेवर ठेवायचा, पण लगेच चावायचा नाही. मग त्याची चव तोंडात कुठून कुठं जाते याकडं लक्ष देत सावकाश चावायचा. याला म्हणे सजग आहार. असं खाल्लं की माणसाचं थोडक्यात भागतं आणि वजन आपोआप उतरतं.

बाकीच्या बायका डोळे मिटून बेदाण्याची समाधी लावून बसल्या. अंजनानं आपला हुंगला. त्याला बेदाण्याचाच वास येत होता. शेजारच्या बाईच्या तर डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बेदाण्यापायी रडणारी बाई अंजना जन्मात पहिल्यांदाच बघत होती. रिकामटेकड्यांचे धंदे, असं मनात म्हणत तिनं बेदाणा न चावता गिळला आणि मोकळी झाली.

पहिली बैठक फुकट होती म्हणून ती आली होती. बैठक संपल्यावर बेदाण्यामागचं खरं दुकान उघडलं. पावडरींचे डबे, परदेशी बिया, बदामाचं दूध आणि तीन महिन्यांचं पॅकेज. त्याचा आकडा बघून अंजनानं पिशवी उचलली.

"काकू, स्वतःच्या शरीरासाठी एवढं तरी करायला हवं," आदिती गोड आवाजात म्हणाली.

"शरीर माझं आहे बाळ, पण पगार नवऱ्याचा आहे," अंजना म्हणाली आणि जिना उतरली.

नवरा दादासो हार्डवेअरच्या दुकानात नोकरीला, जिनेश इंजिनिअरिंगला. पगार पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या घशात जायचा आणि उरलेल्यात महिना ओढायचा. अशात अंजनाच्या बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा आलेला. हर्निया. ट्रस्टच्या दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन फुकट होणार होतं, पण सर्जननं तिला काट्यावर उभी केली आणि मान हलवली. पोटावर एवढी चरबी असताना टाके धरायचे नाहीत. दहा किलो उतरवा, मग या. आणि एक लक्षात ठेवा, म्हणाला, गोळा दुखायला लागला, दाबून आत जाईनासा झाला, तर त्याच पावली इकडं यायचं, ते जिवावरचं असतं. त्या दिवसापासून अंजना पाण्याची बादली उचलतानासुद्धा एक हात पोटावर ठेवायची.

आपण जाड का झालो, हे कळायला तिला कुणाच्या पदवीची गरज नव्हती. जैनाच्या घरात पानात टाकणं म्हणजे पाप, आणि टाकायची ऐपत तरी कुठं होती? दादासोंची उरलेली भाजी, जिनेशनं अर्धी मोडून ठेवलेली चपाती, पातेल्याच्या बुडाशी बसलेली आमटी, सगळं शेवटी तिच्याच पोटात जायचं. लग्न झाल्यापासून ती या घराची खरकट्याची बादली झाली होती, आणि नवरा आणि पोरगा ढेकर देऊन हात धुवायला मोकळे.

तिनं भांडी लहान केली. पीठ मुठीनं मोजून घ्यायला लागली. ताटात जो टाकेल त्याला तेच सकाळी न्याहारीला मिळेल, असं दोघांना बजावलं. जिनेश दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी त्याचं ताट लख्ख. स्वतःला एक जोंधळ्याची भाकरी, मुगाची उसळ नाहीतर कोबी, वर पातळ ताक. मोडाच्या मुगाला कुठल्या परदेशी बीकडून अक्कल शिकावी लागत नाही. हळूहळू काटा हलला.

घर ताब्यात आलं, पण कोल्हापुरात माणूस आपल्या घरात खाऊन जाड होत नसतं, दुसऱ्याच्या घरात खाऊन होतं. नको म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो. पोट भरलंय म्हटलं की आमचं आवडलं नाही व्हय, म्हणून तोंड वाकडं. या सगळ्यांवर कडी म्हणजे उचगावची थोरली जाऊ, राजमती.

राजमतीबद्दल अंजनाला कधी दोन चांगले शब्द सुचले नव्हते. शाळा चौथीत सुटलेली, दारात चार म्हशी, आणि बोलणं खाण्यावरून सुरू होऊन खाण्यावरच संपायचं. कुणाच्या लग्नाला जाऊन आली की नवरी कशी होती ते हिला आठवायचं नाही, जिलबीचा पाक एकतारी होता की दोनतारी ते मात्र वर्षभर सांगेल. गोड म्हणजे तिचा जीव की प्राण. खवा आटवताना कढईच्या कडा खरवडून खायची, आणि पदराला बोटं पुसत हसायची. अंजना घरात तिला उचगावची डेअरी म्हणायची. दादासोंना ते आवडायचं नाही. वैनी हाय माझी ती, एवढंच म्हणून ते पेपरात तोंड घालायचे. यंदा चातुर्मासात मुनी महाराज उचगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, राहिले होते आणि राजमती रोज पहाटे बस्तीत त्यांच्या आहाराचा सैपाक करायला जायची, हेही ते कौतुकानं सांगायचे. तिथंही हिला चूलच सापडली, एवढं मनात म्हणून अंजना पुढचं ऐकायची नाही.

श्रावणात राजमतीच्या नातवाचं बारसं निघालं. जाणं भाग होतं. पुरणपोळीचा बेत होता. अंजनानं अर्धी पोळी मोडून घेतली, ती संपायच्या आत राजमती परात घेऊन पुढ्यात उभी. अंजनानं ताटावर हात आडवा धरला. राजमतीनं हाताच्या वरूनच पोळी सोडली आणि तुपाचा तांब्या उचलला.

"डाएटवर आहे मी," अंजना म्हणाली.

पंगतीत हशा पिकला. चंदगडकडची एक पाहुणी म्हणाली की डाएट ते ज्यांना खायला मिळतंय त्यांचं थेर, आमच्याकडं पावसात वाट बंद झाली की आपोआप डाएट. दुसरी म्हणाली, खा गं, चार हाडं वर काढून कुणाला दाखवायचीत? अंजनाचं डोकं सणकलं. बेंबीपाशी गोळा ठसठसत होता, आणि या म्हशींना हसू येत होतं.

"नेम घेतलाय मी," ती मोठ्यानं म्हणाली. "गोड सोडलंय."

हसणारीनं पदर सावरला. डाएटला ज्यांनी भीक घातली नाही, त्या बायका नेमाचं नाव काढताच हात जोडायला निघाल्या. राजमतीनं तुपाचा तांब्या खाली ठेवला.

"कुणाकडनं घेतलास?"

"महाराजांकडून. मागच्या रविवारी सकाळी मी आले होते बस्तीत."

"आन घराकडं आली न्हाईस?"

"घाई होती."

राजमती तिच्याकडं बघत राहिली. मग वाकून तिनं अंजनाच्या ताटातली पोळी उचलली आणि बाजूच्या रिकाम्या ताटात ठेवली.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडं सरकली.

परतीच्या रिक्षात अंजनाला आपल्याच हुशारीचं हसू येत होतं. एवढी साधी किल्ली आणि आपण उगीच दारावर डोकं आपटत बसलो! तिनं मग ती किल्ली सगळीकडं फिरवली. शेजारणीच्या हळदीकुंकवाला, दादासोंच्या मालकाच्या वास्तुशांतीला, माहेरच्या लग्नात. नेम आहे, एवढं म्हटलं की वाढणारा हात जागच्या जागी थांबायचा. वर कौतुक वेगळंच. काहीजणी पायाही पडल्या. मूर्खांचा बाजार आहे नुसता, ती दादासोंना म्हणायची. स्वतः सकाळच्या चहात अर्धा चमचा साखर घालून घ्यायची, आणि कधी जिनेशनं पेढा आणला तर त्याचा कोपरा मोडायची. कोण बघतंय?

राजमतीकडून मात्र दर आठवड्याला काहीतरी यायला लागलं. ताक, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली मटकी फडक्यात बांधून. पूर्वी खवा यायचा. उशिरा का होईना, बाईला अक्कल आली, असं म्हणून अंजना फडकं झटकून ठेवायची. दिवाळीत तिघं उचगावला गेली तेव्हा राजमती सगळ्यांना करंज्या वाढून स्वतः नुसता चिवडा घेऊन बसली होती. थोडी वाळलीही होती. झाली असेल साखर, अंजनाच्या मनात आलं, आयुष्यभर कढया खरवडल्यावर दुसरं काय होणार? विचारायचीही तिला गरज वाटली नाही.

डिसेंबरात सर्जननं काट्याकडं बघून मान डोलावली. ऑपरेशन झालं. टाके धरले. अंजना घरी येऊन दोन दिवस झाले असतील, तोवर राजमती उचगावहून बस पकडून एकटीच आली. जिना चढून धाप लागलेली, हातात स्टीलचा डबा. दादासो कामावर होते, जिनेश कॉलेजात. ती पलंगापाशी खाली बसली, अंजनाच्या पायावरून हात फिरवला आणि डबा उघडला. आत रव्याचे लाडू होते, प्रत्येकावर एकेक बेदाणा चिकटवलेला.

अंजनाला आतल्या आत हसू आलं. नेमवाल्या बाईला लाडू! विसरली वाटतं डेअरी.

"माझा नेम आहे की, अक्का," ती कण्हल्यासारखं म्हणाली.

"खा गं. तुजा कुटला नेम?"

राजमतीच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. ती डब्यातला लाडू निवडत होती.

"त्या रईवारी सकाळधरनं बस्तीत मीच व्हते. म्हाराजांचा आहार झाला, भांडी घासली, मगच घरला आले. तू आलतीस कुटं?"

अंजनानं चादर उगीचच सारखी केली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"चार बायकांत काय बोलायचं? तुला खायाचं नव्हतं, त्येवडं कळलं मला. मीच येड्यावानी वाडत सुटलेली." राजमतीनं पदरानं कपाळ पुसलं. "पन नेमाचं नाव घिऊन खोटं बोललीस. आन तुला त्या टेबलावर पडायचं व्हतं. मला रातभर झोप न्हाई. सकाळी म्हाराजांम्होरं गेले आन मीच घेतला. म्हटलं, नेम घरात हाय म्हनल्यावर कुनीतरी पाळाय पायजे की."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"किती दिवसांचा?" अंजनानं विचारलं.

"जल्माचा. म्हाराजांनी इचारलं, किती दिस? मला मोजून मागाय लाज वाटली." राजमती हसली, पूर्वीसारखीच, सगळं अंग हलवून. "सुरवातीला लई जड गेलं बग. खवा आटवताना दार लावून घ्यायची."

तिनं लाडू अंजनाच्या हातावर ठेवला.

"साखर बराबर पडली काय बग. अदमासानं घातलीया. मला आता चाखाय येत न्हाई."

अंजनानं लाडू तळहातावर धरून पाहिला. रवा तांबूस भाजला होता, तुपाचा वास हातालाच लागत होता. तिनं बेदाण्यासकट लहानसा तुकडा मोडला आणि तोंडात ठेवला. तो लगेच गिळणं तिला जमेना. राजमती मान पुढं काढून तिच्या तोंडाकडं बघत होती, निकालाच्या दिवशी शाळेत आलेल्या आईसारखी. अंजना चावत राहिली. गोड जिभेवरून घशाकडं गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"बिगडला व्हय?" राजमतीनं घाबरून विचारलं.

अंजनानं मान हलवली.

"बरोबर पडलीय," ती म्हणाली, आणि डब्याकडं हात केला. "अजून एक द्या, अक्का."

राजमतीनं डबा मागं ओढला, झाकण लावलं आणि तळहातानं दाबून बसवलं.

"बास एक," ती म्हणाली. "टाकं अजून वलं हाईत."