लोधिवलीच्या दगडातले जीव

भर दुपारी, भाताची झोडणी चालू असताना, लोधिवलीच्या आबाजींच्या खळ्याशेजारी आकाशातून एक दगड पडला. नारळाएवढा, काळा, वरून भाजल्यासारखा. कोणाला लागला नाही म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग कोणीतरी फोटो पाठवला, तो फिरला, आणि आठव्या दिवशी सरकारी गाडीतून तो दगड मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हर्षलाच्या टेबलावर आला.

हर्षला लोधिवलीशेजारच्या दहिवलीची. नऊ वर्षं ती सूक्ष्मजीवांवर काम करत होती आणि नऊ वर्षांत शेजारच्या खोलीतूनही कोणी डोकावलं नव्हतं. दगडाच्या भेगेतल्या चुऱ्यात तिला काडीसारखे जीव दिसले. चार दिवसांत ते दुप्पट झाले. त्या चार दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी जनुकांची तपासणी आली, आणि पाहुणे ओळखीचे निघाले.

ती विभागप्रमुखांकडे गेली. "देवेश सर, हे दह्यातले जिवाणू आहेत."

"ते अंतराळातून आले नाहीत, असं तू सिद्ध करू शकतेस?"

"सर, दह्यातले आहेत."

"मग दही तरी पृथ्वीवर कुठून आलं?" देवेश सर शांतपणे म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांनी वार्ताहरांना 'जीवसृष्टीचे संकेत' मिळाल्याचं सांगून टाकलं.

रविवारी हर्षला लोधिवलीला गेली. जुन्या हायवेवर नवा फलक लागला होता: 'उल्काग्राम प्लॉट्स. विश्वाच्या शेजारी हक्काची जागा.' आबाजींच्या अंगणात मांडव होता. सत्कार त्यांच्या पत्नी विमलबाईंचा, कारण दगड पहिल्यांदा त्यांनी उचलला होता.

हर्षलाने त्यांना पडवीत गाठलं. "काकी, आठ दिवस दगड कुठे ठेवला होता?"

"कुटं म्हंजे? ताकाच्या हंडीवर. मांजर झाकण पाडतं गं. दाब म्हणून बरा व्हता."

"हंडीवरच होता ना? आत नाही?"

"दोनदा आत पडला. मांजरच ते. मी धुतला, पदरानं पुसला, परत ठेवला. खराब नाय झाला ना?"

हर्षलाला हसावं की रडावं कळेना. मागे उभे असलेले आबाजी मात्र गंभीर झाले. "पोरी, तू दहिवलीची. बाहेरच्या मानसानं आसं केलं आसतं तर आमी समजलो आसतो. गावाचं नाव झालंय. ताकाचं कशाला काढतेस?"

"काढलं नाही, काका. निघालं."

तिला वाटलं, आता मांडवात उभं राहून आपल्यालाच बोलावं लागणार. पण ती वेळच आली नाही. शाल पांघरताच विमलबाईंसमोर माईक आला, वार्ताहराने विचारलं, 'परग्रहावरच्या जीवाला हात लावताना काय वाटलं?', आणि त्यांनी मांजरासकट सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आबाजींनी खाली मान घातली. हर्षलाला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. खोटं आपोआप पडलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात शेलूहून आलेले एक गृहस्थ उठले. "म्हणजे तो दगड ताकात बुडाला होता. बाई, त्यातलं थोडं विरजण मिळेल का?"

त्यांच्यामागे पन्नास माणसं उठली. कोणी बाटली काढली, कोणी डब्यातली भाजी शेजाऱ्याच्या पत्रावळीवर ओतून डबा मोकळा केला. हर्षला ओरडून सांगत होती, "अहो, हे तुमच्या घरच्या दह्यातही असतात." एक बाई समजुतीने म्हणाली, "हो ना मॅडम, पण आमच्या दह्याला उल्का कुठे लागलीय?"

आबाजींनी तोवर रांग लावायला घेतली होती. "एका घराला एक चमचा," ते सांगत होते. विमलबाई वैतागल्या. "आरं, म्हशी दोनच हायत माज्या. दूध तरी घेऊन या आपापलं." पुढच्या रविवारी लोक दूध घेऊन आले.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, हर्षलाने अहवाल दिला होता: जिवाणू पृथ्वीवरचे, मूळ ताकाची हंडी, साक्षीदार विमलबाई. देवेश सरांनी तो दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "तू पुन्हा जाणार आहेस का तिकडे? मिसेसनं छोटा डबा दिलाय."