हरणीचं पान

आत्याच्या तळहाताचा आवाज मला अंगणाबाहेरूनच ओळखू यायचा. जड, मऊ थाप, आणि तिच्या मागोमाग येणारा कोमट खोबरेलाचा वास. भाद्रपद नुकताच सरला होता, आश्विनाचं पांढरं ऊन गोठ्याच्या पत्र्यावर तापत होतं आणि पत्र्याखाली तिची गाय हरणी गवताच्या जाड गादीवर बसून होती. तिला उठता येत नव्हतं. आत्या तिच्या मांड्या चोळत होती, वरपासून खुरापर्यंत, जणू पायांना त्यांच्या कामाची आठवण करून देत होती.

नवीन पनवेलच्या कडेला आत्याचं गाव उरलंय ते एवढंच, चार घरं आणि एक गोठा. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि त्यांतल्या एकीत मी, तिच्या भावाची लेक, राहायला आले. दुपारनंतर आमची सावली तिच्या गोठ्यावर पडते. "तुमची बिल्डिंग माज्या गाईला गारवा देते, येवढा तरी उपेग," असं ती हसून म्हणायची. तिच्या हसण्यात गालावरचं गोंदण हलायचं. आता ते हलत नव्हतं.

सर्वपित्री अमावास्येला आसपासच्या साऱ्या इमारतींना गाय हवी असते, आणि गाय होती ती एकच. त्या दिवशी नवं लुगडं नेसून आत्या दारात बसली होती. खीर, वडे, भात, पुन्हा भात. लोक हात जोडत, हरणीच्या पाठीला हात लावत, आणि आत्याचा चेहरा मान मिळाल्यासारखा उजळत जाई. त्या ताटांत माझंही ताट होतं. संध्याकाळी हरणीचं पोट फुगलं, रात्रीतून ती खाली बसली. एवढा भात पोटात आंबला, अंगात विष पसरलं, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन लावून त्यांनी बजावलं, की तिची कूस सतत बदला, नाहीतर अंगाखालचा पाय कायमचा जाईल.

"मना 'नको' म्हनायला पायजे व्हता," आत्या म्हणाली. "पन लोकांच्या पितरांना उपाशी कशी धाडू गो?"

"ताट तर मीही आणलं होतं, आत्या."

"तू आनलास. तिच्या तोंडाशी मीच धरला."

तिच्या वाटणीच्या अपराधातला थोडासा उचलावा म्हटलं, तर ती तोही देईना. भाताशिवाय जिचा घास उतरत नसे, ती त्या दिवसापासून भाताला शिवली नाही.

नवरात्र आलं. गरब्याचे ढोल इमारतींवर आदळून गोठ्यात यायचे आणि हरणी फक्त कान हलवायची. ताटं आणणाऱ्यांपैकी काहीजण संध्याकाळी ओशाळल्या चेहऱ्याने येत, पोटाखालून गोणपाट सरकवून तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत. आत्या प्रत्येक वेळी तिच्या कानाशी पुटपुटायची, "ऊठ गो बाय, मना माफी नको, तू नुसती ऊठ." मी तेव्हा मान फिरवून बाहेर बघायची.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी हरणीने मागचे पाय उचलले. गाय मागूनच उठते. क्षणभर अर्धी गाय उभी होती, आणि आत्या श्वास रोखून दोन्ही हात पसरून उभी होती, पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकरापुढे आई उभी राहते तशी. मग पाय दुमडले, आत्या तिच्यापाशी खाली बसली. हरणीने हनुवटी आत्याच्या मांडीवर ठेवली आणि ऊन गोठ्यात येण्याआधीच ती गेली.

वर्ष गेलं. यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला लोक पुन्हा ताटं घेऊन आले. रिकामा गोठा पाहून एकीने विचारलंच, "मग आता गाय कुठे मिळेल?"

"माज्याकडे नाय," आत्या म्हणाली. किती सहज म्हणाली ती हे. मग तिने परसात केळीचं एक पान मांडलं, आणि त्यावर भाताचं शीतही न ठेवता फक्त हिरव्या गवताची पेंढी ठेवली. आमच्या इमारतीची सावली हळूहळू त्या पानावर आली. गेलेल्यांची भूक आपण दरवर्षी भागवतो म्हणतो. आत्या मात्र तिथे बसून होती ती, या वेळी फार खाऊ नकोस, एवढं सांगायला.