तंबूतल्या चपलांचा तक्ता

आमच्या घरात साधी किसणी आणायची म्हटली तरी तीन कोटेशनं मागवली जातात. माझे यजमान सुधन्वा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहेत आणि खरेदीच्या सेक्शनमध्ये त्यांची निम्मी नोकरी गेली. माणूस सज्जन, निर्व्यसनी, पण कुठलीही वस्तू दुसऱ्या दोन वस्तूंशेजारी मांडल्याशिवाय त्यांना ती दिसतच नाही. लग्नाआधी त्यांनी किती मुली पाहिल्या हे मी कधी विचारलं नाही. तीन तरी नक्कीच असतील.

तर यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघं उत्तराखंडात चालायला जाणार होतो. चार दिवस चाल, तीन रात्री तंबूत, आपलं ओझं आपल्याच पाठीवर. हट्ट माझा होता. दिल्लीत आल्यापासून सत्तावीस वर्षं आम्ही उन्हाळ्यात डोंगरात जातो, पण कसं, तर टॅक्सीने, सरकारी हॉलिडे होमच्या दारापर्यंत. तिथे काचेच्या खिडकीत बसून मी चहा प्यायची आणि पाठीवर बोचकी घेतलेली माणसं खालच्या वाटेने वर जाताना बघायची. वळणापर्यंत दिसायची, मग नाहीशी व्हायची. त्या वळणापुढे काय असतं हे मला कधी कळलं नव्हतं. पंचावन्न पूर्ण झाली तेव्हा मी जाहीर करून टाकलं की यंदा मी काचेच्या पलीकडे जाणार, ज्याला यायचं असेल त्याने यावं. सुधन्वांनी चष्मा पुसला आणि माहिती मागवायला घेतली.

यात एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. मला नऊ वर्षं डायबिटीस आहे. दिवाळीनंतर डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझे पाय तपासले आणि तळव्यांची जाण बरीच गेली आहे असं सांगितलं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही, तळवे रोज बघायचे, घरच्यांना सांगून ठेवायचं, असं सगळं एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी तूरडाळीच्या डब्यात, पिशवीखाली ठेवला. कारण मी या माणसाला ओळखते. मला नुसता ताप आला तर यांनी माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाची तिकिटं रद्द केली होती. पाय बधिर झालेत असं कळलं असतं तर डोंगर राहिला बाजूला, मला त्यांनी लिफ्टनेसुद्धा एकटीला खाली जाऊ दिलं नसतं. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले, आणि रोज थोडीथोडी घाबरत राहिले.

तळव्यांचं ते कळणं जातं म्हणजे काय होतं, ते सांगते. दुखत काहीच नाही. पायात कायम जाड मोजा असल्यासारखं वाटतं, आणि फरशी गार आहे की गरम हे हात लावून बघावं लागतं.

चपलांचा विषय आमच्या मुलीने काढला. स्वानंदी गुरुग्रामला नोकरी करते, तिथेच राहते, आणि दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जाऊन येते. एका शनिवारी ती जेवायला आली तेव्हा तिने आम्हाला समजावलं की दिवसभर बूट घालून चाललं की संध्याकाळी मुक्कामावर ते काढायचेच असतात. पाय सुजलेले असतात, त्यांना हवा लागावी लागते. तेव्हा घालायला वेगळं काहीतरी हलकं लागतं. ते जाड लोकरी मोज्यांवरून चढलं पाहिजे, म्हणजे अंगठ्याची चप्पल बाद. ओढ्यावर जाताना निसटता कामा नये. भिजलं तर लवकर वाळलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे वजन नको, कारण दिवसभर ते पाठीवर वाहायचं असतं.

वजन म्हटल्यावर सुधन्वांचे कान टवकारले. त्यांच्या मणक्यातली एक चकती सरकलेली आहे, सहा किलोच्या वर उचलायची त्यांना बंदी आहे. शिवाय माझ्या बॅगेतलं जड सामान आपल्या बॅगेत घ्यायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यामुळे घरात ग्रॅमचं राज्य आलं. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला गेला. कंगव्याची निम्मी लांबी गेली.

स्वानंदीने ऑनलाइन तीन जोड मागवले, न आवडल्यास परत करण्याच्या बोलीवर. घरातले दोन सुधन्वांनी त्यात घातले. रविवारी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं आणि मी ज्यावर केकचं पीठ मोजते त्या काट्यावर एकेक पादत्राण चढायला लागलं. मी कपाळाला हात लावला. एक होता भोकाभोकांचा फोमचा, बेडकाच्या तोंडासारखा दिसणारा जोड. एक पट्ट्यांची सँडल. एक पातळ तळाची, नुसत्या दोरीने बांधायची. घरातली माझी रबरी चप्पल होती. आणि पाचवा म्हणजे सुधन्वा कुठल्याशा सेमिनारला गेले असताना हॉटेलातून आणलेल्या पांढऱ्या कापडी सपाता, ज्या त्यांनी सहा वर्षं पाकीट न फोडता जपल्या होत्या.

सपाता सगळ्यांत हलक्या निघाल्या, पण पाण्यात टिकणार नाहीत म्हणून बाद झाल्या. सरकारी खरेदीचा नियम असा, की आधी अटी लिहायच्या, अटींत बसतील तेवढेच ठेवायचे आणि मग त्यांतला सगळ्यांत कमी बोलीचा उचलायचा, पुढे चर्चा नाही. सुधन्वांनी रुपयांच्या जागी ग्रॅम घातले, एवढाच फरक. मोज्यांवरून चढणं, न निसटणं, लवकर वाळणं या तीन अटी लिहिल्या. तळ किती जाड हवा ही अट तक्त्यात नव्हती, कारण ती कुणी सांगितलीच नव्हती. सांगू शकणारी एकच बाई त्या टेबलाशी बसली होती आणि ती शेंगा सोलत होती.

दोरीवाला जोड जिंकला. दोन्ही मिळून एकशे नव्वद ग्रॅम.

"मम्मी, तुला बिल्कुल फोमवाले घे," स्वानंदी म्हणाली. "ये तो कागज है यार. खडे टोचतील ना."

मी म्हटलं, मला काही टोचत नाही. हे मी इतक्या सहज म्हटलं की दोघंही हसले. मग सुधन्वांनी तक्ता पुढे सरकवला आणि मी खाली 'सहमत' लिहून सही केली. खरं तर तो क्षण होता सांगायचा. पण मे महिना इतका जवळ आला होता, आणि ते वळण.

पुढच्या रविवारी सकाळी ट्रायल ठरली. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या नव्या टॉवरांमागे अजून बांधकाम चालू आहे, तिकडे खडीचा कच्चा रस्ता आहे. डोंगरासारखी जमीन हवी, म्हणून सुधन्वांनी मला मुद्दाम तिथून नेलं. जाड मोजे आणि त्यावर ते दोरीचे जोड, एक माझा आणि एक नंतर त्यांच्या मापाचा मागवलेला, घालून आम्ही वीस मिनिटं चाललो. मी खरोखर खूश होते. पायात काही नसल्यासारखं वाटतंय असं मी त्यांना दोनदा सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

घरी येऊन मी दाराशी मोजे-सँडल काढले, तशीच स्वयंपाकघरात गेले आणि पोह्यांना फोडणी घातली. मागून सुधन्वांनी विचारलं की देवापाशी कुंकू सांडलंय का. मी म्हटलं, नाही. मग मी वळून पाहिलं. दारापासून गॅसपर्यंत पांढऱ्या फरशीवर एका टाचेचे लाल ठसे उमटले होते. शेवटचा माझ्या पायाखाली होता.

त्यांनी गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. मी पाय मागे ओढला. बायकोच्या पायाला नवऱ्याने हात लावायचा नसतो हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. लग्नात सप्तपदीला भटजींनी सांगितलं म्हणून त्यांनी माझा अंगठा धरून तांदळावर टेकवला होता, तेवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, घोटा घट्ट धरला आणि टाचेतून खडूच्या टोकाएवढा पत्र्याचा तुकडा काढला. वर पोह्यांची मोहरी जळल्याचा वास येत होता.

"दुखलं नाही तुला?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग मीच सगळं सांगितलं. डाळीचा डबा दाखवला. कागद त्यांनी दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

डिस्पेन्सरीत टाच साफ झाली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मला बाहेर बाकावर बसवून सुधन्वा डॉक्टरीणबाईंशी अर्धा तास बोलत बसले. घरी आल्यावर तोंडाला कुलूप. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. ते ऑफिसातून येत, माझ्या टाचेची पट्टी बदलत, फोन घेऊन गॅलरीत जात आणि दार लावून घेत. तिकिटं रद्द होत असणार हे मला दिसतच होतं. मला रडू येई आणि त्याहून जास्त राग येई, त्यांचा आणि माझ्या या मुक्या पायांचा. सहाव्या दिवशी मी भाजीची पळी आपटून म्हटलं की रद्द करायचं असेल तर तोंडाने सांगा, अशी फाइल दाबून ठेवू नका.

ते म्हणाले, "रद्द नाही केलेलं. तुला नीट जाता येईल का, ते विचारत होतो. सगळ्यांना."

त्या शनिवारी ते स्वानंदीबरोबर गुरुग्रामच्या दुकानांत गेले. आल्यावर लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबांनी चार दुकानांतला प्रत्येक जोड उलटापालटा करून पाहिला. वजन एकाचंही विचारलं नाही. प्रत्येक बुटात मनगटापर्यंत हात घालून आतून बोटं फिरवत होते, कुठे शिवण लागते का, गाठ आहे का, काही टोचतंय का. दुकानदार शेवटी म्हणाला, अंकल, पहनना किसको है. तेव्हा बाबा म्हणाले, जिनको पहनना है उनको पता नहीं चलता, इसलिए मैं देख रहा हूँ. मी काहीतरी करायचं म्हणून उगाच ताटं पुसत बसले.

आणलेला जोड बंद बोटांचा, जाड तळाचा, आतून गादीसारखा मऊ आणि दिसायला कमालीचा भोंगळ. साडेपाचशे ग्रॅम असावा. मोज्यांवरून मला व्यवस्थित बसला. याचं ओझं कोण वाहणार, मी विचारलं. स्वतःच्या मुक्कामाच्या चपला त्यांनी यादीतून काढून टाकल्या होत्या. संध्याकाळी बुटांच्या नाड्या सैल करून बसेन, म्हणाले. मग आम्ही यावर रीतसर भांडलो. मी जिंकले, एकशे नव्वद ग्रॅमवाले त्यांनी स्वतःसाठी घ्यायचे ठरले.

टाच भरून आली. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, पण सकाळ-संध्याकाळ पाय कुणीतरी दुसऱ्याने तपासायचे या अटीवर. कसे तपासायचे ते सुधन्वांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं होतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि पाय मांडीवर घ्यायला लागले. मी म्हटलं, अहो, नको, मला पाप लागेल. ते म्हणाले, पापाचं आपण निम्मंनिम्मं वाटून घेऊ, तू डोळे मीट. मी बोट लावीन, कळलं तर हो म्हण, नाही तर नाही. खरं सांगायचं, एवढंच.

मी डोळे मिटले.

"आता?" त्यांनी विचारलं.

मला काही कळलं नव्हतं. पण इतकी धडपड केलेल्या या माणसाला पहिल्याच प्रश्नाला काय नाही म्हणायचं, असं मनात आलं. आणि मला जायचंही होतं.

"हो," मी म्हटलं.



"कुमुद," ते अगदी हळू म्हणाले, "मी अजून हात लावलेला नाही."

मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. ते मी पुसलं नाही आणि त्यांनीही थांबवलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आता? मी नाही म्हटलं. आता? नाही. आणि आता? नाही. दहा-बारा वेळा मी नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते 'बरं' म्हणून पुढे सरकत होते. मग घोट्याच्या जरा वर त्यांचं खरखरीत बोट टेकलं आणि मी हो म्हटलं.